हातात मोजकेच चेंडू असतात

मागच्या उन्हाळ्यात न्यू जर्सीला धाकट्या भावाकडे महिनाभर राहिलो होतो. पुतण्या अकरा वर्षांचा. लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या स्पर्धेत, बेसबॉल खेळतो, पिचर आहे, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. शनिवारी सकाळी घडीच्या खुर्च्या टाकून आम्ही मैदानाच्या कडेला बसलो. संघाच्या बाकाजवळ एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात नामजपाला वापरतात तसलं, अंगठ्याने दाबायचं मोजणीयंत्र होतं. पोराने चेंडू टाकला की टक्. फटका बसो, फलंदाज चुको, टक्. पंच्याऐंशी भरले आणि समोरचा फलंदाज आटोपल्यावर पुतण्याला बाहेर बोलावलं. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ८५ च्या वर चेंडू टाकायचे नाहीत आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस टाकायचंच नाही, असा तिथला नियम आहे. त्याच्या जागी आलेल्या मुलाने चार धावा दिल्या. सामना गेला.

शेजारच्या खुर्चीत सत्तरीचे एक गृहस्थ होते. ते वैतागून म्हणाले, साय यंगने साडेसातशे सामने स्वतः सुरू करून स्वतःच संपवले, तेव्हा कोण मोजत बसलं होतं? हल्लीची पोरं मऊ झालीत.

हे वाक्य अमेरिकेत सतत कानावर येतं. कुणा महागड्या पिचरचं कोपर गेलं की शंभरेक वर्षांपूर्वीच्या या पिचरचं, यंगचं, नाव निघतं. आपल्याकडे बुमराहने इंग्लंडमधल्या पाचपैकी तीनच कसोट्या खेळल्या तेव्हा घरोघरी कपिलचं नाव निघालं होतं, तसंच. जुन्या माणसाचा आकडा घ्यायचा आणि नव्याच्या डोक्यात हाणायचा. माझं म्हणणं असं आहे की यंगचा दाखला देणारे तो उलटा वाचतात. त्याने हात झिजवला नाही, म्हणून तो बावीस हंगाम टिकला. आणि आजच्या पिचरांचे हात जात आहेत ते पोरं मऊ झाली म्हणून नव्हे. खेळ चालवणाऱ्यांनी ज्याला मोल दिलं, त्याचा हा परिणाम आहे.

आधी तो आकडा नीट पाहू, कारण तो खरोखर थक्क करणारा आहे. डेंटन ट्रू यंग २९ मार्च १८६७ ला ओहायोतल्या गिलमोर गावी शेतकऱ्याच्या घरी जन्मला. पहिल्या दिवसांत त्याचे चेंडू आदळून लाकडी कुंपणाच्या फळ्या अशा फुटल्या की वावटळ येऊन गेल्यासारखं वाटलं, म्हणून वावटळीसाठी असलेल्या ‘सायक्लोन’ या शब्दावरून त्याला ‘साय’ नाव पडलं, असं सांगतात. ६ ऑगस्ट १८९० ला तो क्लीव्हलँड स्पायडर्सकडून पहिला मोठा सामना खेळला आणि १९११ साली थांबला. एवढ्या काळात त्याच्या नावावर ५११ विजय लागले. दुसऱ्या क्रमांकावरच्या वॉल्टर जॉन्सनचे ४१७ आहेत, आणि या दोघांशिवाय चारशेला कोणी शिवलेलंही नाही. समोरचे तीन फलंदाज बाद झाले की एक इनिंग; अशा नऊ इनिंगांचा सामना पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकायचा, याला तिकडे पूर्ण सामना म्हणतात. यंगने सुरुवात केली अशा सामन्यांची संख्या ८१५, आणि त्यातले ७४९ त्याने पूर्ण केले. आजच्या पिढीतला सर्वांत दमदार म्हणावा असा जस्टिन व्हर्लँडर २००५ पासून खेळतोय, त्याचे पूर्ण सामने २६ आहेत. यंग १९५५ साली गेला आणि पुढच्याच वर्षापासून उत्तम पिचरला त्याच्या नावाचा पुरस्कार देऊ लागले. २०२१ साली तिथल्या दोन मुख्य लीगांपैकी नॅशनल लीगमध्ये हा पुरस्कार कॉर्बिन बर्न्सला मिळाला. त्या हंगामात त्याने १६७ इनिंग टाकल्या होत्या आणि एकही सामना पूर्ण केला नव्हता. यंगच्या कारकिर्दीतल्या इनिंगांची बेरीज ७,३५६ होते.

एवढं ऐकलं की त्या गृहस्थांचं बरोबरच वाटायला लागतं. पण हे आकडे जमले कसे, ते बघा.

यंग बावीस वर्षं जीव खाऊन चेंडू फेकत होता, अशी आपली समजूत असते. तसं नव्हतं. हिवाळाभर तो शेतावर राबायचा, लाकडं फोडायचा. हंगामाआधीच्या सरावात सुरुवातीचे काही आठवडे चेंडूला हातच लावायचा नाही, पळून आणि चालून पाय तयार करायचा. सामन्याआधी इतर पिचर दहा-पंधरा मिनिटं हात गरम करत, हा तीन-चार मिनिटांत उरकायचा. का, तेही त्याने सांगून ठेवलंय: या हातात चेंडू मोजकेच आहेत असं मी धरून चालायचो, मग ते वाया का घालवायचे? मोजणीयंत्र घेऊन उभ्या असलेल्या त्या बाई जे करत होत्या, ते यंग मनातल्या मनात आयुष्यभर करत होता.

मैदानावरही तीच काटकसर. १९०४ साली त्याने ३८० इनिंग टाकल्या आणि त्यात फक्त २९ फलंदाजांना वॉक दिला. चार चेंडू कक्षेबाहेर गेले की फलंदाजाला पहिला तळ, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट मिळतो, तो हा वॉक. ३८० इनिंगांत २९, म्हणजे चेंडू वाया घालवणं त्याला मंजूरच नव्हतं. त्याच वर्षी ५ मे रोजी फिलाडेल्फियाविरुद्ध त्याने सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज ओळीने परत पाठवले, एकालाही तळावर पाय ठेवू दिला नाही. पिचरची जागा आज जिथे आहे तिथून झालेला असा हा पहिला सामना. त्या सत्तावीसपैकी त्याने स्वतः, फलंदाजाला चेंडू लागूच न देता, फक्त आठ घेतले. उरलेले एकोणीस जण फटके मारून क्षेत्ररक्षकांच्या हाती सापडले. आयुष्यभराचा हिशोब काढला तर नऊ इनिंगांमागे त्याचे असे स्वतः घेतलेले बळी, म्हणजे स्ट्राइकआउट, साडेतीनही भरत नाहीत. आज साध्या पिचरकडूनसुद्धा आठ-नऊची अपेक्षा असते. यंग फलंदाजाला मारू द्यायचा, पण त्याला हव्या त्या जागी.

हे त्याला परवडत होतं, कारण चेंडू तसा होता. एकच चेंडू सामनाभर वापरत. तो मळायचा, मऊ पडायचा, तंबाखूच्या थुंकीने काळा व्हायचा. असा चेंडू जोरात मारला तरी फार लांब जात नसे. यंगच्या ७,३५६ इनिंगांत फलंदाजांनी मिळून १३८ होमरन, म्हणजे चेंडू भिंतीबाहेर काढणारे फटके, मारले. हिशोब केला तर जवळजवळ सहा पूर्ण सामन्यांमागे एक! शेवटच्या क्रमांकांचे फलंदाज आले की पिचर हात सैल सोडायचा आणि तळांवर माणसं साचली की मगच ठेवणीतला जोर काढायचा. १९२० नंतर हे दिवस संपले. त्या वर्षी रे चॅपमन हा फलंदाज डोक्याला चेंडू लागून गेला, मळका चेंडू बदलायची पद्धत रूढ झाली, थुंकी लावून टाकायला बंदी आली, होमरन मारणाऱ्या बेब रूथचं युग सुरू झालं. आज नऊ इनिंगांमागे सरासरी एकाहून जास्त होमरन बसतात आणि नवव्या क्रमांकाचा फलंदाजही चेंडू भिंतीबाहेर काढू शकतो. सैल सोडायला जागाच उरलेली नाही. त्यामुळे यंगचे शंभर चेंडू आणि आजचे शंभर चेंडू हे एकाच मापाने मोजता येत नाहीत.

आणि यंगच्या काळात ज्यांनी खरोखर जीव खाऊन टाकलं, त्यांचं काय झालं?

१९०८ साली बोस्टनच्या संघात एकेचाळीस वर्षांचा यंग होता, आणि त्याच ऑगस्टमध्ये तिथे अठरा वर्षांचा एक पोरगा आला, जो वूड. मला या दोघांची जोडी राहून राहून आठवते. एकाच बाकावर दोघं बसत असणार. वूडचा वेग असा की त्याला ‘धुरासारखा जो’ म्हणत. १९१२ साली, बावीस वर्षांचा असताना, त्याने ३४ सामने जिंकले आणि फक्त ५ हरले, ३४४ इनिंग टाकल्या, वर हंगामाअखेरच्या विश्वमालिकेत आणखी ३ जिंकून दिले. म्हातारपणी त्याने सांगितलं होतं, मी इतक्या जोरात टाकायचो की हात खांद्यापासून उडून जाईल असं वाटायचं. पुढच्याच उन्हाळ्यात ओल्या गवतावर घसरून त्याचा अंगठा मोडला, आणि तिथून खांद्याचं दुखणं लागलं ते गेलंच नाही. १९१५ पर्यंत त्याने कसंबसं रेटलं, तेही नऊ इनिंगांमागे दिलेल्या धावांची लीगमधली सर्वांत कमी सरासरी राखून. मग १९१६ चा अख्खा हंगाम घरी बसला आणि परत आला तो क्लीव्हलँडचा क्षेत्ररक्षक म्हणून. चेंडू फेकून पोट भरायचे दिवस सव्विसाव्या वर्षी संपले. विजय ११७.

एड वॉल्शचं उदाहरण याहून बोलकं आहे. १९०८ साली शिकागोसाठी त्याने ४६४ इनिंग टाकल्या, ४० सामने जिंकले, आणि बत्तिशीत हात संपला. चार्ली स्वीनीने १८८४ च्या जूनमध्ये एका सामन्यात १९ फलंदाजांना चेंडू लागू दिला नाही. त्या वर्षभरात त्याने दोन संघांकडून मिळून ४१ सामने जिंकले, आणि तीन वर्षांत तो मोठ्या बेसबॉलमधून दिसेनासा झाला. ही काही ठळक नावं, त्यांच्यामागे कितीतरी. पण लोक नाव घेतात यंगचं, कारण तो वाचला. अख्खी पंगत उठून गेली आणि एकटाच जेवत राहिलेल्या माणसाकडे बोट दाखवून म्हणायचं, बघा पूर्वीचे लोक कसे जेवत, असा हा प्रकार आहे.

त्या काळात पिचर इतकं का टाकत, याचं एक कारण हौशीत किंवा मर्दुमकीत नव्हतं, करारात होतं. १८७९ पासून मालकांनी राखीव खेळाडूंची पद्धत आणली. करार संपला तरी खेळाडूवर हक्क क्लबचाच. तो दुसरीकडे जाऊ शकत नाही, मालकाने विकला तर नाही म्हणू शकत नाही. चार्ल्स रॅडबोर्नची गोष्ट याच कलमाची आहे. १८८४ साली प्रॉव्हिडन्सच्या संघात तो आणि स्वीनी हे दोनच खरे पिचर होते. जुलैत स्वीनी भांडून निघून गेला. रॅडबोर्न तेव्हा निलंबित होता. त्याने मालकांपुढे सौदा ठेवला: उरलेला हंगाम मी टाकतो, त्याबदली जास्त पैसे आणि हंगामाअखेर या राखीव कलमातून सुटका. मालक कबूल झाले. मग तो जवळजवळ रोज टाकत राहिला. त्या वर्षी त्याच्या ६७८ इनिंग झाल्या. विजय ५९ की ६० यावर अजून वाद आहे. सकाळी केस विंचरायला हात वर जात नसे असं सांगतात. शेवटी प्रॉव्हिडन्सने स्पर्धा जिंकली, नंतर न्यू यॉर्कच्या संघाला तीन सामन्यांत हरवलं, आणि तिन्ही सामने टाकले रॅडबोर्ननेच. एक माणूस आपला खांदा गहाण ठेवून आपलं स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतो, आणि आपण तो आकडा विक्रमाच्या यादीत लावून टाळ्या वाजवतो. मला ते जमत नाही.

यंगही या कलमातून सुटला नव्हता. १८९९ साली क्लीव्हलँडच्या मालकांनी सेंट लुइसचाही संघ घेतला आणि चांगले खेळाडू उचलून तिकडे नेले, त्यात यंग. मागे उरलेल्या क्लीव्हलँडने त्या हंगामात २० सामने जिंकले, १३४ हरले. हे राखीव कलम मोडायला २३ डिसेंबर १९७५ उजाडावा लागला. लवादाने निकाल दिला तो अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोघांच्या बाजूने, आणि दोघेही पिचरच होते.

म्हणजे आजचा पिचर मोकळा आहे, श्रीमंत आहे. मग हात का जातात? १९७४ साली डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातला तुटलेला बंध काढून दुसऱ्या हाताचा स्नायुबंध तिथे बसवला. तो परत आला आणि आणखी १६४ सामने जिंकला. तेव्हा तो चमत्कार होता, आज त्याच्या नावाची शस्त्रक्रिया कॉलेजातली पोरंसुद्धा करून घेतात. मेजर लीगने, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या लीगने, स्वतःच डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला, त्यातलं निदान साधं आहे: वेगाचा ध्यास, चेंडूला जास्तीत जास्त वळण देण्याचा ध्यास, आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने. २००८ साली वेगवान चेंडूची सरासरी ताशी ९१ मैलांच्या आसपास होती, आता ती ९४ च्या वर गेली आहे. कोपरातला बंध मात्र तेव्हा होता तेवढाच आहे.

इथे त्या गृहस्थांचं एक मान्य केलं पाहिजे. चेंडू मोजायला लागून वर्षं झाली आणि दुखापती कमी झाल्या नाहीत, हे खरं आहे. पण त्यातून ‘मोजणं सोडा’ असं निघत नाही. आपण चेंडूंची संख्या मोजली आणि जोर मोजला नाही, असं निघतं. पाच इनिंगच टाकायच्या आहेत म्हटल्यावर क्लब सांगतात, राखून ठेवू नकोस, सगळं ओत, मागे सात जण बसलेत. सव्वीसच्या संघात तेरापर्यंत पिचर ठेवता येतात. एक मोडला की खालच्या लीगमधून दुसरा. क्लबच्या वहीत हा तोटा नसतोच. तो असतो त्या मुलाच्या कोपरात.

म्हणून मला वाटतं, नियम बदलायला हवा तो इथे. तेराचे बारा करा, दोन-तीन वर्षांनी अकरा. माणसं कमी झाली की टिकणाऱ्या पिचरला किंमत येईल आणि क्लब पुन्हा यंगची विद्या शिकवायला लागतील: जागा साधणं, वेग बदलणं, राखून टाकणं. अटलांटिक लीग या छोट्या लीगने आणखी एक युक्ती करून पाहिली आहे. सुरुवातीचा पिचर काढला की त्याच्याऐवजी फलंदाजी करणारा खास खेळाडूही गमवायचा. त्यामुळे पिचरला लवकर काढणं महाग पडतं. मोठ्या लीगने हे उचलायला काय हरकत आहे? प्रेक्षकांना स्ट्राइकआउट आवडतात, वेग आवडतो, हे म्हणणं मी समजू शकतो, मलाही आवडतो. पण ज्याच्यासाठी तिकीट काढलं तो पिचर दीड वर्ष दवाखान्याच्या चकरा मारतोय, हे कोणाला आवडतं?

जपानने हा प्रश्न मुलांच्या पातळीवर सोडवायला घेतला, आणि तिथे तो आणखी कठीण होता, कारण कोशिएनच्या शालेय स्पर्धेत हात मोडेपर्यंत टाकणं हीच तपश्चर्या मानली जाते. २०१८ च्या उन्हाळ्यात कोसेई योशिदा या शाळकरी मुलाने त्या एका स्पर्धेत ८८१ चेंडू टाकले आणि देश भारावला. पुढच्याच वर्षी इवाते प्रांताच्या अंतिम सामन्यात ओफुनातो शाळेच्या प्रशिक्षकांनी आपला पिचर रोकी सासाकी याला मैदानात उतरवलंच नाही, हात जपायचा म्हणून. जिंकले असते तर कोशिएन. ते हरले, आणि शाळेचे फोन तक्रारींनी खणखणले. २०२० पासून तिथे आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आली. सासाकीने एप्रिल २०२२ मध्ये व्यावसायिक सामन्यात सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज परत पाठवले, त्यातले १९ चेंडू लागू न देता. पाचशे ही मर्यादा मला अजून फार वाटते. पण मर्यादा आली ती सत्कार चालू असताना आली, याचं मोल मोठं आहे.

अमेरिकेत मुलांसाठी नियम आहेत, पण ते स्पर्धेला लागू आहेत, मुलाच्या हाताला नाहीत. हे मी त्या उन्हाळ्यात डोळ्यांनी पाहिलं. पुतण्या शनिवारी लिटल लीगमध्ये खेळतो, रविवारी गावोगाव फिरणाऱ्या दुसऱ्या एका खासगी संघातून. शनिवारचे ८५ त्या संघाच्या वहीत शून्य असतात. तिथे मोजणीयंत्र नव्हतं. जाळीमागे वेग मोजायची बंदूक धरून एक तरुण बसला होता आणि प्रत्येक चेंडूनंतर आकडा मोठ्याने सांगत होता, अकरा वर्षांच्या पोरांना. चौदा वर्षांखालच्या सामन्यांत ही बंदूक मैदानात येऊच देऊ नये, आणि प्रत्येक मुलाची एकच वही असावी, तो कितीही संघांतून खेळो. यासाठी फार पैसे लागत नाहीत.

भावाने त्या रविवारी पोराला चेंडू टाकू दिला नाही. प्रशिक्षकांनी आवाज न चढवता सांगितलं, मग ही जागा मला दुसऱ्याला द्यावी लागेल. पोरगा गाडीत रडला, दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, कारण आकडे काढून दाखवणारा काका मीच होतो. पुढच्या रविवारी आम्ही नुसते बघायला गेलो. त्याच्या जागी एक उंच, सडपातळ मुलगा टाकत होता, सुंदर हात, जाळीमागचा तरुण आकडे ओरडत होता. मी शेजारच्या बाईंना विचारलं, काल हा कुठे खेळला? त्या म्हणाल्या, काल दोन ठिकाणी होता बहुतेक. किती टाकले, ते त्यांना माहीत नव्हतं. त्या त्याच्या आई होत्या.